एका पानात मावणारी कादंबरी: मुलांच्या फँटसीसाठी लिटररी एजंट कसा गाठायचा

गेल्या महिन्यात माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचा फोन आला. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या नातीने इंग्रजीत मुलांसाठी एक जादूची कादंबरी लिहिली आहे, तीन वर्षं खपून. लंडन आणि न्यूयॉर्कच्या चाळीस एजंटांना तिने पत्रं पाठवली. अकरा जणांनी नकार कळवला, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. "अगं, पण तिने कादंबरी अजून पाठवलेलीच नाही. नुसतं एक पत्र आणि पहिली दहा पानं. पुस्तक न वाचता ही माणसं नापास कसं करतात?"

जन्मभर उत्तरपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेल्या बाईंना हे पटणं अवघडच होतं. शिवाय मराठीत लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये तिसरं माणूस सहसा नसतं. कथा दिवाळी अंकांत येतात, थोडं नाव होतं, मग आपण हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडे जातो. 'एजंट' म्हटलं की आपल्याला आरटीओबाहेरचा नाहीतर विम्याचा माणूस आठवतो. पण पुण्या-मुंबईत आणि परदेशातल्या मराठी घरांत मुलांसाठी इंग्रजीत लिहिणारे आता भेटत राहतात, आणि ते अडतात ते याच उंबऱ्यावर. म्हणून बाईंना फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढते आहे.

## एजंट म्हणजे पुस्तकाचा अडत्या

बाजार समितीतला अडत्या शेतकऱ्याचा कांदा स्वतः विकत घेत नाही. तो माल पारखतो, कोणता व्यापारी कोणत्या मालाला चांगला भाव देईल हे जाणतो, सौदा लावतो आणि विक्रीच्या रकमेवर अडत घेतो. माल विकलाच नाही तर अडतही नाही. लिटररी एजंट पुस्तकांचं हेच काम करतो. १८७० च्या दशकात लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी या व्यवसायाचा पाया घातला, तेव्हा ते दहा टक्के घेत. आज ब्रिटन-अमेरिकेत देशातल्या विक्रीवर १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर साधारण २० टक्के असा रिवाज आहे.

एवढे पैसे कशाचे? एक तर तिथले बहुतेक मोठे प्रकाशक एजंटाशिवाय आलेलं हस्तलिखित उघडतच नाहीत. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण 'पुस्तक विकलं' म्हणतो, पण खरं तर विकले जातात ते हक्क. एक मोठा वाडा डोळ्यांपुढे आणा. ब्रिटन आणि राष्ट्रकुल देशांत इंग्रजी आवृत्ती काढण्याचा हक्क ही त्यातली एक खोली, उत्तर अमेरिकेचा हक्क ही दुसरी, जर्मन भाषांतराची तिसरी, ऑडिओची चौथी, चित्रपटाची माडीवरची. नवखा लेखक पहिल्याच भाडेकरूच्या हाती सगळ्या वाड्याच्या किल्ल्या देऊन बसतो. चांगला एजंट खोली-खोलीचा वेगळा करार करायचं बघतो आणि रिकाम्या खोल्या मालकाच्या नावावर ठेवतो. मुलांच्या पुस्तकांच्या हक्कांसाठी तर इटलीतल्या बोलोन्या शहरात १९६४ पासून दर वसंतात स्वतंत्र जत्राच भरते.

प्रकाशक करारानंतर जो ॲडव्हान्स देतो, तो म्हणजे पुढच्या रॉयल्टीतली, म्हणजे विक्रीतून लेखकाला मिळणाऱ्या वाट्यातली, उचल. ती हप्त्याहप्त्याने येते: काही सही झाल्यावर, काही अंतिम हस्तलिखित दिल्यावर, काही पुस्तक बाजारात आल्यावर. उचल फिटेपर्यंत रॉयल्टी हातात पडत नाही, पण पुस्तक कमी खपलं म्हणून उचल सहसा परतही मागत नाहीत. समजा ५,००० पौंडांची उचल ठरली, तर ७५० एजंटाचे आणि ४,२५० लेखकाचे.

यातूनच एक पक्की खूण मिळते. खरा एजंट लेखकाकडून आधी पैसे मागत नाही. वाचनशुल्क, नोंदणीशुल्क, 'आमच्याच संपादकाकडून दुरुस्त करून घ्या', असं काहीही आलं की तिथेच थांबायचं. ब्रिटनमध्ये एजंटांची संघटना १९७४ पासून आहे, अमेरिकेतही आहे, आणि दोघींच्या आचारसंहितेत वाचनशुल्काला जागा नाही. खऱ्या एजंटाचं नाव लावून भलत्याच पत्त्यावरून गोड गोड मेल पाठवणारे ठगही आहेत. अमेरिकेतल्या विज्ञानकथा आणि फँटसी लेखकांच्या संघटनेचा 'रायटर बिवेअर' हा उपक्रम १९९८ पासून अशा फसवणुकींवर लक्ष ठेवून आहे. अशा मेलला उत्तर देण्याआधी तिथे नाव तपासावं.

## न वाचता नकार देतात का?

वाचून देतात, पण मागवलंय तेवढंच वाचून. अमेरिकेत बहुधा एक क्वेरी, म्हणजे तीन-चारशे शब्दांचं विचारणापत्र, आणि सोबत पहिली काही पानं मागतात. ब्रिटनमध्ये पत्र, पहिली तीन प्रकरणं आणि सिनॉप्सिस, म्हणजे कथेचा एक-दोन पानी गोषवारा. गोषवारा शेवटासकट द्यायचा असतो. तिथे उत्सुकता ताणून धरायची नाही, कारण लेखकाला कथा तडीला नेता येते की नाही हे त्यातूनच पाहतात. प्रत्येक एजंटाच्या संकेतस्थळावर त्याचे नियम असतात आणि ते अक्षरशः पाळायचे असतात.

एजंटाचं पोट भरतं ते त्याच्याकडे आधीच असलेल्या लेखकांवर. दिवस त्यांच्या करारांत, संपादनात आणि फोनांवर जातो. नवी पत्रं वाचणं हे बिनपगारी काम, बहुधा रात्री किंवा रविवारी केलेलं. मग शितावरून भाताची परीक्षा होणार हे ओघाने आलं. बाईंना मी एवढंच म्हटलं, "तुम्हीसुद्धा निबंधाच्या पहिल्या परिच्छेदावरून मूल ओळखायचात. फक्त पुढचं वाचायचा तुम्हाला पगार होता."

या प्रकरणात मला सगळ्यांत वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. नातीने चाळीस पत्रं एका आठवड्यात पाठवली. एकाच वेळी अनेकांना लिहायला हरकत नसते, तसा शिरस्ताच आहे. पण आठ-दहांच्या तुकड्या कराव्यात. पहिल्या दहांतून एकानेही पूर्ण हस्तलिखित मागवलं नाही, तर दोष पत्रात किंवा पहिल्या पानांत आहे असं समजून दुरुस्ती करता येते. नकार दिलेला एजंट तेच पुस्तक पुन्हा सहसा पाहत नाही. चाळीस दारं एकाच चुकीने बंद झाली, आणि चूक सुधारण्याजोगी होती.

## पूर्वरंगातच रात्र सरते

तिचं पत्र इथे देत नाही, पण त्याच वळणाचं एक बनवून दाखवते.

"हजार वर्षांपूर्वी भीमेच्या तळाशी जलावंत नावाचं राज्य होतं. तिथे सात कुळं नांदत. प्रत्येक कुळाकडे एक दिव्य मणी होता. अंधकुळाचा राजा तमाक्ष याने पाच मणी बळकावले तेव्हा मत्स्यकुळ आणि शंखकुळ यांनी संधी केली. त्या संधीप्रमाणे..."

कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, अभंगाचं निरूपण, आणि मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. श्रोते पूर्वरंगाला मन लावून बसतात, कारण बुवांवर त्यांचा विश्वास असतो आणि आख्यान येणार हे ठाऊक असतं. एजंटाला तुमचा तसा काहीच परिचय नाही. फँटसी लिहिणाऱ्याने मात्र ते जग उभारायला वर्षं घातलेली असतात, नकाशे काढलेले असतात, वंशावळी लिहिलेल्या असतात. साहजिकच पत्रात तेच आधी सांगावंसं वाटतं. पाच ओळींत पाच अनोळखी नावं येतात, आणि वाचणाऱ्याची अवस्था मांडवाच्या दारातच चाळीस नातेवाइकांची ओळख करून दिलेल्या पाहुण्यासारखी होते. जग कितीही सुंदर असलं तरी वाचणारा शोधत असतो ते एक मूल.

आता तीच कथा अशी सांगून पाहू.

"अकरा वर्षांच्या चंदाला जन्मापासून ऐकू येत नाही. ती ओठ वाचते. फक्त आजीचे ओठ तिला वाचता येत नाहीत, कारण धरणात घर गेल्यापासून आजी बोललेलीच नाही. एका उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं आणि बुडालेल्या गावच्या देवळातली घंटा चंदाला, फक्त चंदाला, ऐकू येते. त्या आवाजामागे ती पाण्याखाली उतरते, तर आजीचं घर जसंच्या तसं उभं: चूल पेटलेली, दारात ताजी रांगोळी. तिथली एकेक वस्तू ती वर आणते आणि आजी एकेक शब्द बोलू लागते. पण प्रत्येक वस्तूमागे गावातलं एक माणूस चंदाला विसरतं. मृगाचा पाऊस तोंडावर आहे, धरण भरलं की वाट बंद. आता घरात उरलाय फक्त उंबरठा, आणि गावात चंदाला ओळखणारी एकटी आई."

उजनीच्या पाण्यात पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ आहे आणि पाणी उतरलं की ते खरोखर दिसू लागतं. बाकी सगळं मी रचलं आहे. पण दोन्ही पत्रं एका दमात वाचून पाहा. दुसऱ्यात सात कुळं नाहीत, म्हणजे ती कादंबरीत नाहीत असं नव्हे. तीनशेव्या पानावर मत्स्यकुळ येईल की. पत्रात आहे ते एवढंच: कोण आहे, तिला काय हवंय, आड काय येतंय, आणि हवं ते मिळवताना काय हातचं जाणार. शेवट सांगितलेला नाही, पण निवड समोर ठेवली आहे. आणि जादूला किंमत आहे. मागेल ते देणारी, काहीच न घेणारी जादू वाचताना जीव टांगणीला लागत नाही, कारण मग अडचण आली की मंत्र म्हटला आणि सुटलं. फँटसी वाचणाऱ्याला जादूचा नियम हवा असतो आणि तिचा हिशोबही.

पत्रात याखेरीज तीन-चार ओळी लागतात. या एजंटालाच का लिहिलं, पुस्तक कोणत्या वयासाठी, किती शब्दांचं, आणि स्वतःविषयी थोडं. 'माझ्या भाच्यांना फार आवडलं' हे लिहू नये, भाच्यांना आवडतंच. लेखिका धरणग्रस्त गावातली असेल किंवा कर्णबधिर मुलांना शिकवत असेल, तर ते मात्र जरूर लिहावं.

## वय आणि शब्दसंख्या

आठ ते बारा वयाच्या वाचकांच्या कादंबऱ्यांना तिकडे मिडल ग्रेड म्हणतात, आणि बारा-तेराच्या पुढच्यांना यंग ॲडल्ट. दुकानात त्यांची कपाटं वेगळी, संपादक वेगळे, एजंटही बरेचदा वेगळे. मुलं स्वतःपेक्षा थोड्या मोठ्या मुलांविषयी वाचतात, म्हणून मिडल ग्रेडचा नायक साधारण अकरा-बारा वर्षांचा असतो. चौदा वर्षांचा नायक दोन कपाटांच्या मधल्या फटीत पडतो.

पहिलटकराच्या मिडल ग्रेड फँटसीला ४५ ते ७५ हजार शब्द शोभतात, यंग ॲडल्टला ७० हजार ते एक लाख. बाईंच्या नातीची कादंबरी मिडल ग्रेड म्हणून गेली होती आणि तिची शब्दसंख्या होती एक लाख चाळीस हजार. बऱ्याच एजंटांनी त्या आकड्यापुढे वाचलंच नसणार. जाड पुस्तकाला कागद जास्त लागतो, किंमत वाढते, आणि अनोळखी नावासाठी ती किंमत मोजायला आई-बाबा, शाळा, ग्रंथालय कोणीच राजी नसतं. शिवाय इतकी लांबी म्हटलं की काटछाट झालेली नाही असाच संशय येतो, आणि तो बहुधा खरा निघतो.

'हे कोणासारखं आहे?' हेही पत्रात सांगायचं असतं. गेल्या चार-पाच वर्षांतली, त्याच वयाची एक-दोन पुस्तकं निवडावीत. जगभर कोट्यवधी खपलेल्या पुस्तकाशी तुलना केली की अलीकडचं काही वाचलेलं नाही एवढंच कळतं.

## "पण हॅरी पॉटरलासुद्धा नकार मिळाला होता!"

हा बाईंचा हुकमी एक्का होता, आणि गोष्ट खरीच आहे. पहिल्या एजंटाने ते हस्तलिखित परत पाठवलं. दुसरे क्रिस्टोफर लिटल. त्यांच्या कार्यालयात मुलांची पुस्तकं घेत नसत, त्यामुळे ती प्रकरणं नकाराच्या ढिगात पडली होती. तिथे काम करणाऱ्या ब्रायनी एव्हन्स यांनी ती उचलून वाचली आणि उरलेलं हस्तलिखित मागवायला लावलं. त्यानंतरही सुमारे डझनभर प्रकाशकांनी पुस्तक नाकारलं. शेवटी ब्लूम्सबरी या प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखांनी पहिलं प्रकरण आपल्या आठ वर्षांच्या मुलीला दिलं, आणि तिने पुढचं मागितलं. जून १९९७ मध्ये पुस्तक निघालं, पुठ्ठाबांधणीची पहिली छपाई होती ५०० प्रतींची.

ही गोष्ट 'एजंटांना काही कळत नाही' याचा दाखला म्हणून सांगतात. मला ती उलटी वाटते. ते डझनभर नकार लेखिकेने एकटीने झेलले नाहीत. एक माणूस पुढच्या दारावर जात राहिला. आणि दोन्ही वेळा काम केलं ते मोजक्या पानांनीच: एव्हन्स यांनी वाचलेली सुरुवातीची प्रकरणं, आणि त्या मुलीने वाचलेलं एक प्रकरण.

## कल्पना चोरली तर?

भारतातल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा होतो, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो तुमच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ब्रिटन-अमेरिकेतही लिहिलेलं असंच आपोआप सुरक्षित असतं. सुरक्षित असते ती मांडणी, नुसती कल्पना नव्हे. 'बुडालेल्या गावात जाणारी मुलगी' यावर कोणाचीच मालकी नाही. पण एजंटाला कल्पना चोरून करायचं काय? त्याला ती पुन्हा तीन वर्षं बसून कोणाकडून तरी लिहून घ्यावी लागेल, आणि लिहिलेलं पुस्तक तर तुम्ही आयतं देऊ करताय. पत्रात कायद्याचे इशारे घालू नयेत, त्यांनी समोरचा फक्त बिचकतो.

## चंदा आणि उजनी तिकडे चालतील?

चालतील, आणि चंदाची 'एमा' करू नये असं माझं ठाम मत आहे. २०१८ साली डिस्नीच्या प्रकाशनाने जगभरच्या पुराणकथांवर आधारलेल्या मुलांच्या पुस्तकांची खास मालिका सुरू केली. तिचं पहिलंच पुस्तक महाभारतातल्या पांडवांच्या धाग्यावर विणलेलं होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे 'भारतीय पुराणांवर आधारित' एवढं म्हणणं आता पुरत नाही. पुराणातला कोण आहे यापेक्षा तुमच्या गल्लीतलं कोण आहे हे विचारलं जातं. मृगाचा पाऊस म्हणजे काय हे पत्रात समजावत बसू नका. 'पाऊस आला की वाट बंद' एवढ्यात लहान मुलालाही सगळं कळतं.

आणि सात भागांची योजना असेल, तर ती वहीत राहू द्या. पहिला भाग आपल्या पायांवर उभा राहतो, पुढे मालिका होऊ शकते, एवढी एक ओळ पुरे. पहिला भाग विकला गेला नाही तर दुसऱ्याचा प्रश्नच येत नाही.

## होकार आल्यावर

आधी पूर्ण हस्तलिखित मागवतात. त्याचं उत्तर यायला महिने लागू शकतात. आवडलं तर एजंट फोनवर किंवा व्हिडिओवर बोलतो, काय बदलावंसं वाटतं ते सांगतो. तिथेच लगेच हो म्हणायचं नसतं. बाकी ज्यांच्याकडे हस्तलिखित आहे त्यांना कळवायचं, साधारण दोन आठवड्यांची मुदत घ्यायची आणि त्या एजंटाच्या इतर लेखकांशी बोलून पाहायचं. मग एजंटाबरोबर दुरुस्त्या, मग प्रकाशकांकडे पाठवणी. संपादकाला आवडलं तरी त्याला विक्री आणि प्रसिद्धी विभागांची संमती मिळवावी लागते. एजंट मिळूनही पुस्तक न विकलं जाण्याचे प्रसंग येतात. करारानंतर पुस्तक हातात पडायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात.

भारतात छापायचं असेल तर एजंट हवाच असं नाही. इथे मुलांची इंग्रजी पुस्तकं काढणारे अनेक प्रकाशक थेट लेखकाकडून हस्तलिखित घेतात. मध्यमवर्गीय घरात बसून लिहिणाऱ्याला आधी हे दार ठोठावणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण संपादक फोनवर भेटू शकतो आणि पैशांचा हिशोब रुपयांत होतो. अमेरिकेतून पैसे येणार असतील तर डब्ल्यू-८बेन हा तिथल्या कर खात्याचा फॉर्म भरायला विसरू नये. तो दिला तर दोन देशांतल्या करविषयक करारानुसार रॉयल्टीवर तिकडे १५ टक्के कर कापतात, नाहीतर ३०. इथे विवरणपत्र भरताना त्या कापलेल्या कराचं श्रेय मागता येतं.

वाड्यातली एक खोली राहिली. एजंटाशी करार करतानाच सांगता येतं की मराठीचा हक्क मी माझ्याकडे ठेवते. मराठी आवृत्तीतून एजंटाला मिळणारी रक्कम लहान, त्यामुळे यावर बहुधा कोणी अडून बसत नाही. हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ते भाषांतर मी करीन. तिला म्हणावं आधी ते चाळीस हजार शब्द कापून ये." मी म्हटलं, "बाई, चाळीस नाही, निम्मे."